आबांच्या अंगातलं रक्त कुठं गेलं

आबांना खाचरातून चौघांनी उचलून रस्त्यावर आणलं आणि दुधाच्या टेम्पोत बसवून भोरला पाठवलं, तेव्हा मी लॅबमध्ये सकाळच्या नळ्या मशीनला लावत होते. फोन आईचा नव्हता, शेजारच्या काकांचा होता. "घाबरू नगंस. शुद्धीवर हायेत, पर उभं ऱ्हाईनात," एवढं ते म्हणाले आणि रेंज गेली. आमच्या गावाची, हिर्डोशीची रेंज अशीच वाक्याच्या मधे जाते.

आबा म्हणजे माझे वडील. वय तेव्हा बासष्ट-त्रेसष्ट. नक्की कुणालाच माहीत नाही, कारण दाखल्यावरची तारीख गुरुजींनी आपल्या मनानं घातलेली. वरंधा घाटाच्या अलीकडं आमचं घर, खाली भाताची चार खाचरं, वर नाचणीचा उतार. मी भोरमध्ये एका लहानशा लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लग्न होऊन राजगडाच्या पायथ्याला पालीच्या घरात पडले, पण नवऱ्याचं काम भोरला, म्हणून आम्ही दोघं इथं दोन खोल्यांत राहतो. सोळा वर्षं मी लोकांचं रक्त काढते, नळीत भरते, मशीनला लावते आणि कागदावर आकडे छापून देते. त्या सोळा वर्षांत आबांचं रक्त मी एकदाही काढलं नव्हतं. त्यांनी कधी दुखतंय म्हटलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

टेम्पो दारात थांबला. आबा ड्रायव्हरशेजारी काचेला डोकं टेकून बसले होते. पायाला गुडघ्यापर्यंत लावणीचा चिखल, पँट वर दुमडलेली. मी हात धरला तर नखं पांढरी. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत लालसरपणाचा मागमूस नव्हता. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाले, "चौघांनी खांद्यावर घेतलं मला. जित्तेपणी. पार इज्जत गेली."

रक्त काढलं. नळीतच कळलं, रंग नेहमीचा नव्हता. मशीननं हिमोग्लोबिन दाखवलं चार पूर्णांक सहा. मला वाटलं नमुना नीट मिसळला नसेल. पुन्हा लावला, तोच आकडा. दुसऱ्या हातातून नवीन रक्त काढलं, पुन्हा तोच. पुरुषमाणसाला तेरा-चौदा तरी असावं. चार-सहावर हा माणूस वाकून रोपं लावत होता.

लॅबच्या वरच्या मजल्यावर ज्यांचा दवाखाना आहे ते डॉक्टर खाली आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, उलटीतून, शौचातून रक्त जातं का विचारलं. आबा प्रत्येक प्रश्नाला "न्हाई" म्हणत राहिले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"हे एका दिवसात झालेलं नाही," ते म्हणाले. "हळूहळू उतरत गेलंय, म्हणून शरीरानं सोसलं. रक्त कुठंतरी जातंय. आतून. या वयात पोटात गाठ नाही ना, ते आधी बघायला हवं. दुर्बीण घालावी लागेल, पुण्याला."

गाठ हा शब्द आमच्या घरात आधी येऊन गेला होता. आबांचे धाकटे भाऊ, माझे काका, जठराच्या कॅन्सरनं गेले. पुण्यात त्यांचं पोट उघडलं आणि काही करण्यासारखं नाही म्हणून परत शिवलं. तेही शेवटी असेच पांढरे पडले होते. मी मान हलवली आणि परत मशीनपाशी जाऊन उभी राहिले. पुढच्या दोन नळ्यांवर मी चुकीचे नंबर लिहिले.

आबांना दोन पिशव्या रक्त चढवलं. ते चढत असताना आई कॉटच्या पायथ्याशी बसली होती. एरवी ती कमी बोलते, त्या दिवशी बोलत राहिली. दिवाळीपासनं चढ चढताना थांबत होते. मधे आरोग्याच्या आशाताईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, म्हैनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. "आन् तांदूळ खात्यात," ती म्हणाली. "कच्चं. खिशात घालून जात्यात, दिसभर चावत बसत्यात. म्या म्हनलं, जेवान कमी पडतंय का काय माझ्याकडनं?"

कच्चे तांदूळ, माती, खडू चावावासा वाटणं हे अंगातलं लोह संपल्याचं लक्षण. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पाडव्याला घरी गेले होते तेव्हा आबांच्या सदऱ्याच्या खिशातून तांदळाचे दाणे सांडलेले मी स्वतः केरसुणीनं गोळा केले होते आणि काहीही मनात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आबांच्या तोंडावर जरा रंग आला आणि त्याबरोबर हट्टही आला.

"मी पुन्याला जानार न्हाई," ते म्हणाले. "भावाला तितं उघडला नि शिवला. मला बरं वाटतंय आता. लावनी ऱ्हायलीय."

"आबा, उघडत नाहीत. तोंडातून नळी घालून नुसतं बघतात."

"आदी बघत्यात, मग उघडत्यात."

त्यांना अडवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते आईला घेऊन दुपारच्या एसटीनं गेले. चढवलेलं रक्त किती दिवस पुरणार, हे मला आणि डॉक्टरांना दोघांनाही कळत होतं. डॉक्टर जाता जाता एक गोष्ट बोलून गेले होते, "शौचाची तपासणी तरी करून घे." मी आबांच्या पिशवीत एक प्लास्टिकची डबी घातली होती. ती त्यांनी एसटी सुटायच्या आधी माझ्या हातात परत दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या रविवारी मी हिर्डोशीला गेले. एसटीनं अर्धा रस्ता, पुढं चालत. पाऊस थांबून थांबून पडत होता. आबा खाचरात होते. सोबत दोन बाया लावणीला, आबा बांधावर बसून रोपांच्या जुड्या पुढं टाकत होते. अनवाणी. आयुष्यभर ते पावसाळ्यात अनवाणीच राहिलेत, चिखलात चप्पल टिकत नाही म्हणून. बसल्या बसल्या ते एका पायाच्या तळव्याच्या कडेवर दुसऱ्या पायाची टाच घासत होते.

"खाजतंय का?" मी विचारलं.

"चिखल्या. दरसालच्या."

आमच्याकडं पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात कातडी कुजते, तिला चिखल्या म्हणतात. पण मी पाय हातात घेऊन बघितला तर बेचकी बरी होती आणि तळव्याच्या कडेला बारीक लाल पुरळ होतं. मी ते बघत राहिले. मग आईला विचारलं, घरामागचा संडास चालू आहे का.

"पावसाळ्यात खड्डा भरतो," आई म्हणाली. "पानी वर येतं. मग बांदापल्याडच जातो समदी. दोन सालं झाली की."

बांधापलीकडं म्हणजे तरव्याच्या, भाताची रोपं वाढवतात त्या वाफ्याच्या कडेला. तिथूनच पाणी उतरून आमच्या खाचरात येतं.

डिप्लोमाच्या पुस्तकात एक पान होतं. एका बाजूला पायाचं चित्र, त्यातून बाण वर जाऊन फुप्फुसात, तिथून घशात, घशातून आतड्यात, आणि आतड्यातून पुन्हा मातीत. अंकुशकृमी, लॅबच्या भाषेत हूकवर्म. त्याचं बारीक पिल्लू ओल्या मातीत असतं, पायाच्या कातडीतून आत शिरतं, फिरत फिरत आतड्यात येऊन चिकटतं आणि रक्त पितं. परीक्षेला ते पान मी पाठ केलं होतं. नंतर इतक्या वर्षांत लॅबमध्ये शौचाचे नमुनेच कमी झाले. लोक साखर, थायरॉईड तपासतात. डबी कुणी आणत नाही आणि डॉक्टर फारसं लिहून देत नाहीत.

संध्याकाळी चुलीपाशी मी पिशवीतून तीच डबी काढून ठेवली आणि पुन्हा विषय काढला. आबांनी ताट बाजूला सारलं.

"त्ये जमायचं न्हाई."

"का पण?"

"बापाचं असलं काय पोरीनं उघडून बघायचं? दुसरा कोन असता तर दिलं असतं."

"आबा, मी दिवसभर तेच करते. नाव नाही लिहिणार, नंबर घालीन."

"नंबर घातला तरी तुला ठावं असनारच की."

आई भाकरी थापत होती, ती तव्यावर टाकून झाल्यावर तिनं हात झटकले आणि माझ्याकडं बघून बोलली, आबांकडं न बघता.

"तू झालीस तवा मी दोन म्हैने अंथरुनावर व्हते. तुजं आजोळ लांब, तुजी आजी तवा न्हवती. तुजं समदं ह्यांनी केलं. दुपटी ओढ्यावर जाऊन धूत व्हते, बाया हसायच्या. तवा न्हाई लाजलं मानूस."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आबा उठून पडवीत गेले. पहाटे मी निघायच्या तयारीत असताना गोठ्याच्या दगडावर काहीतरी ठेवलेलं दिसलं. सागाच्या दोन पानांत गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. आत माझीच डबी. आबा लांब उभे राहून बैलाची वेसण बघत होते.

"एसटी चुकवू नगंस," ते तिकडूनच म्हणाले.

असला नमुना लवकर बघावा लागतो, नाहीतर अंडी फुटून जातात. मी लॅब उघडल्या उघडल्या आधी तेच काम घेतलं. काडीनं कणभर घेऊन काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात मिसळलं, वर झाकणकाच ठेवली, मायक्रोस्कोपखाली धरलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. काही नाही. दुसरी काचपट्टी केली, तिच्यातही काही नाही.

मी स्टुलावर बसले. म्हणजे जंत नाहीत. म्हणजे गेलेल्या काकांसारखी गाठच. मला आठवतंय, त्या वेळी मी आबांना पुण्याला न्यायला गाडी कुणाची मिळेल आणि आईला काय सांगायचं याचा विचार करायला लागले होते. बाहेर लोक रांगेत बसले होते, पण मला उठवत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं की मी काडीच्या टोकावर आलेलं बघितलं होतं आणि डबी जवळजवळ भरलेली होती. एवढ्याशा कणात नसलं म्हणजे बाकीच्यात नाही असं थोडंच आहे. कॉलेजात याच्यासाठी एक साधी रीत शिकवली होती. खडेमीठ पाण्यात विरघळवत राहायचं, ते विरघळायचं थांबेपर्यंत. त्या दाट मिठाच्या पाण्यात नमुना कालवायचा आणि नळी अगदी काठोकाठ भरायची, पाणी वर फुगून येईल इतकी. त्यावर काच ठेवायची. घाण खाली बसते, जंताची अंडी हलकी असल्यानं वर तरंगून काचेला चिकटतात. मी समोरच्या किराणा दुकानातून मिठाची पुडी आणली. दुकानदारानं विचारलं, आज लॅबमध्ये स्वयंपाक आहे का. मी हो म्हटलं.

नळी लावून ठेवली आणि वीस मिनिटं बाहेरच्या लोकांचं रक्त काढलं. सात जणांचं. मग काच उचलून मायक्रोस्कोपखाली ठेवली.

पहिल्याच नजरेत एक. लांबट गोल, काचेसारखं पातळ कवच, आत चार करड्या पेशी एकमेकींना चिकटून, आणि कवच नि पेशींच्या मधे स्वच्छ मोकळी जागा. पुस्तकात होतं तसंच. जरा सरकवलं तर शेजारी आणखी दोन. मग मोजणं सोडून दिलं.

जंताची अंडी बघून माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरचं सगळं धूसर झालं, म्हणून पुन्हा डोळे पुसून बघितलं. ती तिथंच होती. मी काच तशीच ठेवून जिन्यानं वर डॉक्टरांकडं गेले. एक पेशंट आत होता, तरी मी दार ढकललं. डॉक्टर खाली आले, वाकून बघितलं, बराच वेळ डोळा लावून राहिले.

"भरपूर आहेत," ते म्हणाले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "पण दुर्बीण करायचीच. जंत आहेत म्हणजे दुसरं काही नाही असं होत नाही. मला एकदा खात्री करू दे."

त्यांचं बरोबर होतं. माझा आनंद अर्ध्यावर आला, पण अर्धा राहिला. आबांना मी फोनवर एवढंच सांगितलं की जंत सापडलेत, आता एकदा दाखवून येऊ. त्यांनी विचारलं, "तूच बघितलंस?" मी हो म्हटलं. थोडा वेळ तिकडून काही आलं नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "बरं. येतो."

पुण्याच्या त्या हॉस्पिटलात मी लॅबची आहे म्हटल्यावर मला आत उभं राहू दिलं. आबा कुशीवर, तोंडात नळी, एक हात माझ्या हातात. दुर्बिणीचे डॉक्टर तरुण होते, बोलत बोलत काम करणारे. पडद्यावर घसा, मग अन्ननलिका, मग जठर. त्यांनी जठर चारी बाजूंनी फिरून दाखवलं. काकांची गाठ जठरातच होती. "इथं काही नाही," ते म्हणाले. "स्वच्छ आहे." मग नळी पुढं सरकली, जठर संपून आतडं सुरू झालं आणि ते थांबले.

"ही बघा तुमची मंडळी."

गुलाबी आतड्यावर बारीक, आखूड दोऱ्यांसारखं काहीतरी चिकटलं होतं. एक नाही, ठिकठिकाणी. काही पांढुरके, काही रक्त पिऊन लालसर झालेले. एक वळवळला. लांबी फार तर करंगळीच्या नखाएवढी. त्यांच्या आजूबाजूला लाल ठिपके होते आणि एका ठिपक्यातून आमच्या समोर रक्ताची बारीक रेघ खाली ओघळत होती. तिथं जंत नव्हता.

"हा कुठं गेला?" मी विचारलं.

"हलला तो. पिऊन झालं की जागा बदलतो. जखम तशीच सोडून."

"मग रक्त थांबत कसं नाही?"

ते जंत चिमट्यानं धरत होते. "तोंडाने आतड्याचं अस्तर कापतो आणि कापतानाच लाळेसारखा रस सोडतो. रक्त गोठू न देणारा. एरवी जखम झाली की रक्त एकेक पायरी करत गोठतं ना, तर हा रस मधल्या एका पायरीवर अडकून बसतो, पुढचं काही होऊच देत नाही. हा निघून गेला तरी रस तिथं काही काळ राहतो. म्हणून हे पितात त्याच्यापेक्षा वाहून जातं ते जास्त असू शकतं. थेंब थेंब, रात्रंदिवस. बाबांना कसं कळणार?"

आमच्या लॅबमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळ्या असतात. त्यांच्या तळाशी एक औषध लावलेलं असतं, त्यानं रक्त गोठत नाही, म्हणून ते मशीनमध्ये जाऊ शकतं. रोज अशा पन्नास-साठ नळ्या माझ्या हातातून जातात. आमचं औषध वेगळ्या तऱ्हेनं काम करतं, पण हेतू तोच, रक्त वाहतं राहावं. मी पडद्याकडं बघत होते आणि त्या किड्याचा राग येण्याऐवजी मला त्याचं कौतुक वाटलं, हे खोटं सांगत नाही. नखाएवढा जीव, आणि त्याला हे कुणी शिकवलं.

दुर्बीण बाहेर आली. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "गाठ नाही. अल्सर नाही. वय बघता मोठं आतडंही एकदा बघून घ्या सावकाशीनं, पण एवढं रक्त कुठं गेलं याचं उत्तर मिळालंय." खालून करायची ती तपासणीही आम्ही महिनाभरात केली. तीही स्वच्छ निघाली.

येताना आम्ही एसटीनं आलो. वाटेत एका थांब्यावर बस थोडी रेंगाळली म्हणून खाली उतरून चहा घेतला. आबांचा घसा दुखत होता, ते बशीत ओतून फुंकर मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. जंत कापतो, रस सोडतो, रक्त गोठत नाही. आबांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी जळू," ते म्हणाले.

"काय?"

"जळूच की. घाटाच्या रानात चिकटती तवा कळत न्हाई. वढून काडली तरी रगत वाहतच ऱ्हातं घंटाभर, तंबाखू दाबली तरी. तिची लाळ तसलीच आसनार. ही पोटातली जळू."

सोळा वर्षांच्या नोकरीत आणि दोन वर्षांच्या डिप्लोमात माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते त्यांनी अर्ध्या बशीत सांगितलं. जळूही तेच करते, रक्त गोठू न देणारा रस सोडते. मी तसं म्हटलं.

"मग मागल्या आठवड्यात कोयत्यानं बोट कापलं, त्याचं रगत कसं थांबलं? ह्यो रस समद्या अंगात न्हाई का जात?"

"नाही. जिथं चावतो तिथंच. एवढ्याशा जागेपुरता असतो."

"हां." त्यांना पटलं. बोटावरची जखम बघत म्हणाले, "हुशार हाय. समद्या अंगात सोडला तर मी मरन, मी मेलो तर त्यो काय पिनार."

बस सुटल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. कापूरहोळच्या फाट्याच्या जरा आधी, डोळे न उघडता ते म्हणाले, "मला वाटलं व्हतं भावासारखंच हाये. तुज्या आयला बोललो न्हाई. खिशात तांदूळ ठेवायचो, चावत बसायचो, म्हंजी त्ये मनात येऊ नये." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आमच्याकडं मोठी झालेली मुलगी बापाचा हात धरत नाही. भोर येईपर्यंत त्यांनी तो काढून घेतला नाही.

औषध म्हणजे गोळ्या, तीन दिवस. पाकीट बघून आबा म्हणाले, "ही तर शाळंत पोरास्नी देत्यात ती." मी म्हटलं, तीच. एवढ्या मोठ्या भीतीला एवढी लहान गोळी, हे त्यांना जरा कमीपणाचं वाटलं असावं. सोबत लोहाच्या गोळ्या सहा महिने. आईनंही जंताची गोळी घेतली, शेजारच्या काकांनी घेतली, लावणीला येणाऱ्या दोघींनी घेतली. संडासाचा खड्डा पाऊस ओसरल्यावर आबांनी आणि शेजारच्या काकांनी मिळून उपसला आणि उंचावर नवा खणला. मी भोरहून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नेऊन दिले. आबांनी ते पहिल्या दिवशी घातले, दोन वेळा चिखलात रुतून पाय बाहेर आणि बूट आत राहिला. बाया हसल्या. मग त्यांनी वरून सुतळीनं बांधायची युक्ती काढली आणि घालत राहिले.

दर महिन्याला ते माझ्याकडं यायचे, मी रक्त काढायचे. सात पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक एक. अकरा पूर्णांक आठ. मशीनवर आकडा येईपर्यंत ते खुर्चीवरून उठायचे नाहीत. आकडा सांगितला की "बरं" म्हणायचे आणि टोपी घालायचे. तिसऱ्या खेपेला आई सोबत होती. ती म्हणाली, ते आता तांदूळ खात नाहीत. मग मला बाजूला घेऊन हळूच बोलली, "माज्या जेवनात काय कमी न्हवतं म्हन की."

"काहीच नव्हतं, आई. तू घातलेलं तेच खात होते."

तिनं पदर तोंडाला लावला. वर्षभर तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं.

यानंतरची एक गोष्ट सांगते, कारण ती मला सोडत नाही. पालीला माझी मोठी जाऊ असते. राजगडाला येणाऱ्या लोकांना पिठलं-भाकरी करून घालते, शिवाय शेती. ती सतत बसते. दोन भाकऱ्या केल्या की भिंतीला टेकते, पाण्याचा हंडा आणताना मधे उतरवते. घरात सगळे तिला आळशी म्हणायचे. मीही म्हटलंय, तिच्या मागं आणि एकदोनदा तोंडावर. त्या दिवाळीला आम्ही पालीला गेलो. ती भाऊबीजेचं ताट घेऊन उभी होती आणि ओसरीवरच्या उजेडात मला तिचे ओठ दिसले.

मी तिला बाजूच्या खोलीत नेलं, पापणी ओढून बघितली. "ताई, तुमी भोरला या माझ्याकडं," मी म्हटलं. "उद्याच या."

"कशाला? मला काय झालंय?" ती म्हणाली. "मी अशीच हाये."

ती आली. हिमोग्लोबिन सहा निघालं, आणि मिठाच्या पाण्याच्या काचेवर तीच चार पेशींची अंडी. मी तिला बाकावर बसवून समजावलं, अगदी आबांच्या शब्दांत, जळू आणि तिच्या लाळेसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. हातातली गोळ्यांची पाकिटं उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "म्हंजी मी आळशी न्हवते?"

"नाही ताई. तुमच्या अंगात रक्तच नव्हतं."

ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. बाहेर लोक थांबले होते, पण मी तिला उठवलं नाही. मग तिनं पाकिटं पिशवीत नीट खाली ठेवली, वेल्ह्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं, आणि म्हणाली, "मी कुणाला काय सांगनार न्हाई. तू सांग त्यास्नी. तुजं ऐकत्यात."

मी त्याच आठवड्यात पालीला गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पहिल्यांदा मी माझंच बोलून दाखवलं, की मीही तिला आळशी म्हणत होते. सासूबाई शेंगा सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. आता जाऊबाईंचं हिमोग्लोबिन अकराच्या वर आहे. परवा गडाचे लोक आले तेव्हा तिनं एकटीनं तीस माणसांच्या भाकऱ्या केल्या. मी मदतीला उभी होते तर म्हणाली, "तू बस जरा. दमली असशील."